कझाकस्तानची दहा दिवसांची बॅकपॅकिंग सफर : बेळगावहून आखताना या चुका टाळा

खानापूरचा एक तरुण गेल्या वर्षी आपल्या पहिल्या परदेश प्रवासाची आखणी मला दाखवायला घेऊन आला. वहीच्या एकाच पानावर त्याने दहा दिवस बसवले होते : दोन दिवस अल्माटी, मग राजधानी अस्ताना, मग तुर्किस्तान हे शहर, तिथून कॅस्पियन समुद्राकाठचे अक्ताऊ आणि परत अल्माटी. "काका, नकाशात सगळं जवळजवळच दिसतंय की ओ," तो म्हणाला. त्याची मेहनत खरी होती, वसतिगृहांचे दरसुद्धा त्याने टिपून ठेवले होते. पण दोन ठिकाणांच्या मधल्या रेषेवर किती तास लागतील, हे त्या पानावर कुठेच नव्हते.

गेल्या काही वर्षांत कझाकस्तानची आखणी घेऊन सल्ला विचारायला आलेल्या आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींच्या कागदावर मला हीच उणीव दिसली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

कझाकस्तानचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटर आहे. क्षेत्रफळाने तो जगातला नववा देश आहे, आणि महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये एकत्र केली तरी त्यांच्या पाचपटींहून तो मोठा भरतो. लोकसंख्या मात्र अवघी दोन कोटींच्या आसपास आहे. याचा अर्थ असा की, बेळगावहून पुण्याला जाताना निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा अशी वीस-पन्नास किलोमीटरवर गावे लागत जातात, हॉटेल आणि पंक्चरचे दुकान कायम नजरेच्या टप्प्यात असते, तसे तिथे नाही. शहर संपले की तासन्‌तास गवताळ माळच चालतो. अल्माटी ते अक्ताऊ हे सरळ रेषेतले अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे बेळगाव ते श्रीनगर जेवढे, साधारण तेवढे. अल्माटी ते अस्ताना रस्त्याने बाराशे किलोमीटरांच्या घरात जाते आणि वेगवान ताल्गो रेल्वेलाही त्यासाठी जवळपास एक पूर्ण रात्र लागते.

आता दिवस मोजा. रजा दहा दिवसांची असली, तरी बेळगाव ते मुंबई जाण्यायेण्यात दोन रात्री आणि त्यांना जोडलेला अर्धा-अर्धा दिवस जातो. विमानतळावरचे ताटकळणे आणि पोहोचल्यानंतरची झोप धरली, तर हातात खरे सात दिवस उरतात. सात दिवसांत देश पाहण्याचा हट्ट धरला, की रेल्वेचे डबे आणि विमानतळच पाहून होतात. त्याऐवजी एक कोपरा निवडावा, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने अल्माटी व तिच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अस्ताना पुढच्या वेळेसाठी ठेवावे.

कोपरा निवडल्यावरही हीच चूक लहान आकारात पुन्हा होते. चारिन दरी अल्माटीपासून सुमारे दोनशे किलोमीटर आहे, तर कोलसाई तळी आणि काइंदी तळे जवळजवळ तीनशे किलोमीटर. ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात दाखवणाऱ्या सहली अल्माटीत सर्रास मिळतात, त्या पहाटे निघतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास परत आणून सोडतात. म्हणजे एका दिवसात सहाशे किलोमीटर गाडीत बसायचे, बेळगाव ते मुंबई अंतराहूनही शंभर किलोमीटर अधिक, आणि प्रत्येक तळ्याकाठी तासाभराहून जास्त थांबता येत नाही. मी पहिल्या खेपेला हेच केले आणि काइंदीच्या काठावरून वाहनचालकाच्या हाकेसरशी मागे फिरलो, याची हळहळ मला अजून वाटते. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून एक दरी अडली आणि त्या पाण्यात स्प्रूसचे आख्खे रान उभ्याउभ्या बुडाले. पांढरी पडलेली खोडे आजही निळसर हिरव्या पाण्यातून सरळ वर आलेली दिसतात. हिडकल जलाशयाच्या पाण्यात उभे असलेले विठ्ठलाचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते दृश्य पाहताना पोटात काय होते ते वेगळे सांगायला नको. अशा जागी घाईने जाऊ नये. जवळच्या साती गावात घरगुती मुक्कामाची सोय असते. तिथे दोन रात्री काढाव्यात, एक दिवस काइंदीला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी कोलसाईच्या पहिल्या तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंतची चढणीची पायवाट चालावी. साती ते काइंदी हा शेवटचा टप्पा खडबडीत आहे आणि ओढ्यातून जातो; तिथे साधी मोटार नेण्याचा प्रयत्न करू नये, गावातल्या उंच चाकांच्या जुन्या रशियन बनावटीच्या गाड्या याच कामासाठी असतात.

दुसरी चूक घराजवळच होते. दिल्लीहून अल्माटीचे थेट विमान साधारण चार तासांत पोहोचते, पण विमान गाठायला बेळगावहून मुंबईला जाणारी रात्रीची स्लीपर बसच दहा-बारा तास घेते, ही गोष्ट आखणी करताना लोक विसरतात. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे, पावसाळ्यातली कोंडी किंवा खंबाटकी घाटात बंद पडलेला एखादा ट्रक यांमुळे ही बस तीन तास उशिरा पोहोचणे मुळीच नवलाचे नाही. ज्या दिवशी बस मुंबईत पोहोचते, त्याच दिवशी सकाळचे विमान कधीही घेऊ नये. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने जाणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की, पुढचे आंतरराष्ट्रीय तिकीट वेगळे काढलेले असेल, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्याची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही. दोन्ही एकाच तिकिटावर मिळत असतील, तर थोडे पैसे अधिक गेले तरी तसेच घ्यावे.

थंडीच्या बाबतीत आपल्या लोकांचा आत्मविश्वास थोडा जास्त असतो. बेळगावची थंडी आपण अनुभवलेली असते, जांबोटी-चोर्ल्याच्या धुक्यात मोटारसायकल चालवलेली असते, त्यामुळे एक स्वेटर आणि कानटोपी पुरेल असे वाटते. समुद्रापासून फार दूर असलेल्या त्या देशात हिवाळा आणि उन्हाळा यांच्यातले अंतर आपल्या कल्पनेच्या बाहेरचे असते; अस्तानात हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि जुलैत पस्तीसच्या आसपास चढतो. अल्माटी त्या मानाने सौम्य आहे. ज्यांना तळी आणि डोंगर पाहायचे आहेत, त्यांनी जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जावे. दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह होतो, पण तोवर उंचावर बर्फ पडू लागलेले असते. २१ ते २३ मार्च हे नौरुझ या नववर्षाच्या सणाचे दिवसही टाळावेत, कारण त्या काळात स्थानिक लोकच मोठ्या संख्येने प्रवासाला निघतात.

उंचीची चूक याहून गंभीर आहे, कारण ती करणारे बहुधा सह्याद्रीत अनेक वर्षे भटकलेले आणि दमदार असतात. अल्माटी शहर उंचीने जवळपास बेळगावएवढेच आहे, म्हणून पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण शहराच्या टोकाला असलेले मेदेऊचे बर्फावरचे स्केटिंगचे मैदान १,६९१ मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराहून, १,६४६ मीटरच्या कळसूबाईहून, ते वर आहे, आणि खरे डोंगर त्याच्यापुढे सुरू होतात. शिंबुलाकची दोरवाट, म्हणजे रोपवे, माणसाला तासाभरात सुमारे ३,२०० मीटरवर नेऊन ठेवते. तिथे डोके जड होणे, मळमळणे, दोन पायऱ्यांत धाप लागणे असे झाले, तर थोडे बसू म्हणजे बरे वाटेल या भरवशावर राहू नये. लगेच खाली उतरावे. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर जाण्याऐवजी एक-दोन दिवस शहरात आणि मेदेऊच्या आसपास काढावेत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टधारकांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. तरी निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचावा आणि परतीचे तिकीट चौदाव्या दिवसाचे काढू नये, कारण एक विमान रद्द झाले तरी मुदत उलटते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक असावी. आपल्या भागात एक वेगळी अडचण येते : कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून फिरताना एकाच माणसाच्या नावाची स्पेलिंग आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी झालेली असते, आणि वडिलांचे नाव कुठे मधले म्हणून तर कुठे आडनाव म्हणून बसलेले असते. विमानाचे तिकीट काढताना सवयीने आधारवरचे नाव टाकू नये. पासपोर्टवर अक्षरन्‌अक्षर जे आहे तेच टाकावे. मुक्काम हॉटेलात असेल, तर परदेशी पाहुण्याची नोंद कळवण्याचे काम हॉटेलच करते. एखाद्याच्या घरात भाड्याने राहणार असाल, तर ती नोंद होईल ना, हे घरमालकाला आधीच विचारावे.

पैशांच्या बाबतीत माझ्यावर ओढवलेला प्रसंग सांगतो, कारण तो सहज टाळता आला असता. अल्माटीत वसतिगृहाच्या काउंटरवर मी कार्ड दिले आणि यंत्राने ते नाकारले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच झाले. परदेशातील व्यवहार कार्डावर आधी सुरू करून घ्यावे लागतात, हे मला माहीत होते, पण मी ते उद्यावर ढकलत राहिलो होतो. ॲपमधून तिथेच सुरू करू पाहिले, तर बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येणार आणि त्या सिमवर रोमिंगच नव्हते. मागे रांग लागलेली, पाठीवर बारा किलोंची पिशवी, आणि खिशात फक्त रुपये. शेवटी बरोबरच्या मित्राने पैसे भरले. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी कार्डाचे परदेशातील व्यवहार सुरू करावेत, भारतीय सिमवर निदान संदेश येण्यापुरते रोमिंग घ्यावे, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवावीत, आणि काही कोऱ्या, न चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा जवळ असाव्यात. यूपीआयच्या सवयीवर विसंबू नये, आणि साती गावाकडे निघण्यापूर्वी टेंगे हे स्थानिक चलन रोख घेऊन ठेवावे.

जुनी माहिती वाचून आखणी करणे ही चूक दिसायला किरकोळ, पण तिने गाडी चुकते. राजधानीचे नाव २०१९ ते २०२२ या काळात नूर-सुलतान होते आणि नंतर ते पुन्हा अस्ताना झाले, त्यामुळे दोन्ही नावे पाहून ती दोन वेगळी शहरे आहेत असे समजणारे मला भेटले आहेत. १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशात एकच प्रमाणवेळ आहे आणि ती भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. त्याआधीच्या लेखांत अल्माटी भारताच्या अर्धा तास पुढे असल्याचे लिहिलेले सापडते. शिवाय अल्माटीत अल्माटी-१ आणि अल्माटी-२ अशी दोन रेल्वे स्थानके आहेत. दुसरे शहराच्या मध्याजवळ आहे, पहिले उत्तरेला बरेच दूर. तिकिटावरचा तो एक आकडा नीट वाचावा.

पाट्या बहुतेक कझाक आणि रशियन भाषांत, सिरिलिक लिपीत असतात, आणि इंग्रजी शहराबाहेर फारसे चालत नाही. यावर केवळ फोनमधल्या भाषांतराच्या भरवशावर जाणे मला पटत नाही. आपण सीमाभागातली माणसे आहोत. कन्नड बोलता येत नसतानाही बसची पाटी वाचायला आपल्यापैकी कितीतरी जण अक्षरांच्या आकारावरूनच शिकले आहेत. तसेच इथेही आठवडाभरात जमते. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' असते, 'एच'सारखे दिसणारे 'न', 'सी'सारखे दिसणारे 'स' आणि 'बी'सारखे दिसणारे 'व'. एवढी चार कळली, तरी दुकानावरची निम्मी पाटी उलगडते. बाजार म्हणजे बाजारच, नान म्हणजे रोटी आणि शाय म्हणजे चहा, हेही लक्षात येते.

शाकाहारी प्रवाशांनी मात्र सावध राहावे. तिथल्या जेवणात घोड्याचे, मेंढीचे आणि गाईचे मांस सर्वत्र असते, आणि "मांस नको" असे सांगितल्यावर पुष्कळदा वाढणारा तुकडे बाजूला काढून तोच लागमान, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, पुढे ठेवतो. शेवया ज्या रश्श्यात शिजल्या, तो मांसाचाच असतो. रशियनमध्ये "बेझ म्यासा" म्हणजे मांसाशिवाय. त्याबरोबरच मांसाचा रस्साही नको, असे कागदावर लिहून घेऊन तो कागद दाखवावा. भोपळ्याचा सामसा (भट्टीत भाजलेला समोसा), तंदुरीतला ताजा नान, दही आणि फळे यांवर दिवस निघतो. घरची शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि भडंग बरोबर असू द्यावे. लांबच्या वाटेवर याचा मोठा आधार होतो.

पॉवर बँक मोठ्या पिशवीत टाकू नये, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. स्वयंपाकाच्या गॅसची लहान टाकी तर विमानात चालतच नाही. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या दोन गोल छिद्रांच्या खाचेत बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर न्यावा.

वाटेत काही बिनसलेच, तर तातडीच्या मदतीसाठी ११२, पोलिसांसाठी १०२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०३ हे क्रमांक आहेत. भारतीय दूतावास अस्तानात आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक, मुक्कामाचा पत्ता रशियनमध्ये आणि पासपोर्टची छायाप्रत हे सगळे फोनबरोबरच कागदावरही ठेवावे, कारण थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. आणि डोंगरातून परतण्याचा बेत विमानाच्या आदल्या संध्याकाळी अल्माटीत पोहोचेल असाच करावा. मुंबईहून बेळगावच्या बसचे तिकीटही विमान उतरण्याच्या वेळेला लागून काढू नये. निदान पाच-सहा तासांची जागा सोडावी.