कैदी-रुग्णांच्या वॉर्डातली मारामारी: आधी ओळखा, वेळेत थांबवा

ठाणे कारागृहातून किंवा तळोज्याहून पोलिस पार्टी रुग्णाला घेऊन मनोरुग्णालयात येते तेव्हा सगळ्यांचं लक्ष कागदांवर असतं: कोर्टाचा आदेश, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं पत्र, सोबतच्या वस्तूंची यादी. ते सगळं हवंच. पण पुढच्या मारामारीची चाहूल लागेल अशी माहिती बहुतेक वेळा त्यात नसते. ती सोबतच्या हवालदाराला असते, आणि पार्टी बदलली की ती गेलीच. म्हणून त्याला तिथल्या तिथे विचारून केसपेपरवर लिहा. हा कोणत्या बॅरेकमध्ये होता, कोणाशी वाजलं होतं? सहआरोपी किंवा विरोधी टोळीतलं कोणी आधीच आपल्याकडे दाखल आहे का? अटक होऊन किती दिवस झाले, दारू, गांजा, गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या? डोक्याला मार लागला होता का? कोर्टाची पुढची तारीख कधी?

खाट ठरवायची ती ही उत्तरं ऐकल्यावर. नवीन रुग्णाला सिस्टरांच्या टेबलावरून सरळ दिसेल अशी खाट द्या. शेजाऱ्याच्या आणि त्याच्या खाटेत दोन हात अंतर ठेवा. कोपऱ्यातली, संडासाजवळची खाट पहिले तीन दिवस कोणालाच देऊ नका. झडती पोलिस आणि वॉर्डचे मामा (पुरुष परिचर) यांनी मिळून घ्यावी. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक, ताट-पेला प्लास्टिकचा. बादलीची लोखंडी कडी काढून टाका. ती सरळ केली की तिचं हत्यार होतं, आणि बादली रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे कोणाच्या ते लक्षात येत नाही.

दाखल होताच पहिल्या तासात ग्लुकोमीटरवर साखर, ताप, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन तपासा. आरडाओरडा करणारा माणूस मनोरुग्णच असेल असं धरून चालू नका. दारू सुटल्यावरचा भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी चढतो. म्हणजे अटकेच्या वेळी शांत असलेला माणूस नेमका वॉर्डात आल्यावर थरथरायला लागतो आणि भिंतीवर किडे बघतो. त्याला लोराझेपाम (शांत करणारं औषध) आणि थायमिन (व्हिटॅमिन बी-१) लागतं. ग्लुकोज चढवायचं असेल तर थायमिन आधी. तंबाखू आणि बिडी एकदम बंद झाल्याने चिडचिड होते, त्यावर डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम सुरू करा. बिडी सुटली की ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मनोविकारावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यामुळे डोस पुन्हा पाहावा लागतो. हे फार वेळा राहून जातं.

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ब्रोसेट यादी भरा, म्हणजे रुग्ण हिंसक होईल का याचा अंदाज देणारी यादी. त्यात सहाच गोष्टी आहेत: गोंधळलेला आहे का, चिडलेला आहे का, दंगा करतो का, अंगावर धावून जाण्याचा आव आणतो का, तोंडी धमकी देतो का, वस्तूंवर हात टाकतो का. प्रत्येकाला एक गुण. शून्य असेल तर धोका कमी, एक-दोन असतील तर लक्ष वाढवा आणि बोलून घ्या. तीन किंवा जास्त असतील तर डॉक्टरांना लगेच बोलवा. ही यादी पुढच्या २४ तासांपुरतीच सांगते, म्हणून सकाळचा आकडा रात्रीच्या पाळीने नुसता उतरवून काढू नये. नेहमी दंगा करणाऱ्या रुग्णाला रोजच्या दंग्याचा गुण देऊ नका. नेहमीपेक्षा वाढला तरच द्या.

यादीत एक गोष्ट येत नाही, ती जेवणाच्या वेळी दिसते. तुरुंगातली उतरंड वॉर्डात जशीच्या तशी उतरते. जेवण झालं की कोण कोणाचं ताट धुतो ते बघा. कोणाचं अंडं रोज दुसऱ्याच्या ताटात जातं? स्किझोफ्रेनियाचा मंद झालेला, गप्प बसणारा रुग्ण आपली बिस्किटं, टॉवेल, मग खाटसुद्धा देऊन टाकतो. ‘स्वखुशीने दिलं’ असं तोही सांगतो. एक दिवस तो देत नाही आणि त्याला मार बसतो, किंवा सहन न होऊन तोच समोरच्याच्या डोक्यात काहीतरी घालतो. रिपोर्टमध्ये मात्र ‘अचानक हल्ला’ असं जातं. म्हणून वाढप रांगेवर सोडू नका. मामांनी खाटेवर नेऊन वाढावं आणि संपेपर्यंत उभं राहावं. वीस मिनिटं जास्त जातात, पण ती वाचवू नका.

बाकी धोक्याच्या वेळा ठरलेल्या असतात: अंघोळीची रांग, टीव्हीचा रिमोट, मुलाकातीला कोणी न येणं, आणि कोर्टातून जामीन नाकारून परतलेली संध्याकाळ. त्या संध्याकाळी ब्रोसेट दोनदा भरा.

आवाज चढला की एकच जण बोलेल, बाकीचे मागे. दोन हात लांब, किंचित तिरपे उभे राहा, तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही दाराकडे जायची वाट मोकळी ठेवा. इतर रुग्णांना बाहेर काढा, कारण बघे असले की माघार घेणं कैद्याला जड जातं. त्याला ‘ए’ किंवा नंबरने मारलेली हाक ऐकायची सवय झालेली असते, तुम्ही ‘अहो दादा’ म्हणा. ‘काय झालं ते मला सांगा, मी ऐकतोय. पाणी आणू का?’ एवढं पुरतं. हिंदी भाषक असेल तर हिंदीत बोला. ‘परत जेलात पाठवू’ ही धमकी कधीच देऊ नका. लाठी आणि बंदूक वॉर्डच्या दाराबाहेरच राहील, हे पोलिस पार्टीशी आधीच ठरवून ठेवा.

बोलून जमलं नाही तर आधी तोंडाने गोळी द्या. मग डॉक्टरांच्या आदेशाने स्नायूत इंजेक्शन. वेल्लोरच्या २०० रुग्णांवरच्या चाचणीत (२००४) लोराझेपाम आणि हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन (दोन औषधं एकत्र) हे दोन्ही उपाय उपयोगी ठरले. हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनने रुग्ण लवकर शांत झाले. ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही दोन्ही इंजेक्शनं एकाच वेळी देऊ नका, श्वास मंदावतो. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध बघा. हॅलोपेरिडॉलनंतर मान वाकडी झाली, जीभ ओढली गेली तर ते सोंग नव्हे. डॉक्टरांना बोलवा, प्रोमेथाझिनने उतरतं. एका जागी बसवत नसेल, पाय सारखे हलत असतील तर तो अस्वस्थपणा औषधाचा असू शकतो. त्यावर आणखी हॅलोपेरिडॉल दिलं की तो वाढतो.

बांधणं हा शेवटचा उपाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ नुसार तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. एकट्याला कोंडून ठेवायला बंदी आहे आणि कलम ९५ नुसार साखळीने बांधायलाही. खाटेला बेडी अडकवलेली दिसली तर हे त्याच पाळीत वरिष्ठांना लेखी कळवा. धरायला पाच जण लागतात: हातापायांना चार, डोक्याशी एक. डोक्याजवळचा माणूसच सूचना देईल आणि श्वासावर लक्ष ठेवेल. पालथं पाडू नका, छातीवर किंवा पाठीवर गुडघा टेकवू नका. गुदमरून जीव जातो. कापडी पट्टे, आत दोन बोटं जातील इतके सैल. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि ऊब बघा, पाणी आणि लघवी विचारा, शांत झाला की एकेक पट्टा सोडा. कारण, पद्धत, सुरू केल्याची आणि सोडल्याची वेळ लिहा. नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलायला कायद्याने नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवा, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला दरमहा माहिती जाते.

मारामारी झालीच तर दोघांनाही कपडे काढून तपासा. ज्याने मारलं त्याच्याही मुठीवर दाताची जखम असते आणि ती पिकते. डोक्याला लागलं असेल तर रात्रभर तासातासाने डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्ध बघा. मेडिकोलीगल (पोलिस-कोर्टासाठीची वैद्यकीय) नोंद त्याच पाळीत करा. ‘पेशंट आक्रमक झाला’ असं मोघम नको. काय बोलणं झालं, कोण आधी उठलं, हातात काय होतं, कोण हजर होतं ते लिहा. हा माणूस उद्या कोर्टात उभा राहणार आहे आणि तुमचं एक वाक्य त्याच्या जामिनाच्या आड येऊ शकतं. ज्याला मार बसला तो कैदी असला तरी त्याला तक्रार करायचा हक्क आहे. त्याला एकट्याला बसवून, पोलिसांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर ठेवून विचारा.

परत पाठवताना कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पत्रात औषधं, पुढच्या इंजेक्शनची तारीख आणि कोणासोबत एका बॅरेकमध्ये ठेवू नये, हे तिन्ही स्वच्छ अक्षरात लिहा आणि सात दिवसांच्या गोळ्या सोबत द्या.