१८६० ला फोन लावण्याआधी: पैसे न कापणारा नंबर कसा शोधायचा

अनलिमिटेड रिचार्ज मारलेला आहे, तरी विमा कंपनीला किंवा फायनान्सवाल्यांना फोन लावला की पुरेशी शिल्लक नसल्याचं ऐकू येतं. असं झालं की आधी त्या नंबरचे पहिले चार आकडे बघा. १८०० असेल तर फोनचे पैसे कंपनी भरते. १८६० असेल तर लावणाऱ्याला भरावे लागतात, आणि पुष्कळशा पॅकमध्ये असे खास नंबर अनलिमिटेडमध्ये धरलेच जात नाहीत. पैसे मेन बॅलन्समधून कटतात. मेन बॅलन्स शून्य असेल तर फोन लागतच नाही.

मेन बॅलन्स असला तरी जपून. कॉम्प्युटरने फोन उचलला की मीटर सुरू होतो, माणूस बोलायला लागल्यावर नाही. भाषा निवडा, हा आकडा दाबा, तो दाबा, मग गाणं. मिनिटाला १ रुपया कटत असेल तर १५ मिनिटं थांबण्यात १५ रुपये गेले, आणि मधेच रेंज गेली तर सगळं पहिल्यापासून.

त्याच कंपनीचा दुसरा नंबर बहुतेक वेळा असतोच. डेबिट कार्डाची मागची बाजू, पासबुक, पॉलिसीचं पहिलं पान, बिलाची पाठ, या क्रमानं १८०० शोधा. तिथे नाही मिळाला तर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर संपर्काच्या पानावर जा आणि परदेशातल्या ग्राहकांसाठी दिलेला नंबर बघा. +९१ २२ किंवा +९१ ८० असा तो साधा लँडलाइन नंबर असतो. +९१ काढून तिथे ० लावा, म्हणजे ०२२ किंवा ०८० होईल. हा फोन साध्या कॉलमध्ये मोजला जातो, म्हणजे अनलिमिटेड पॅकमध्ये बसतो. ही वाट फार कमी लोकांना माहीत असते.

गुगलवर 'कस्टमर केअर' टाकून वर दिसेल तो नंबर मात्र लावू नका. तिथे फसवणाऱ्यांनी टाकलेले दहा आकडी मोबाइल नंबर असतात. पलीकडच्यानं ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

लाइटचं काम सगळ्यात जास्त पडतं. हरभऱ्याला पाणी सुरू असताना डीपी जळाली की वायरमनचा फोन लागत नाही. महावितरणचे १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे तिन्ही नंबर फुकट आहेत. लाइन गेल्याची तक्रार ०२२-५०८९७१०० वर मिस्ड कॉल देऊनही नोंदवता येते, पण मोबाइल नंबर मीटरला जोडलेला असेल तरच. अडतं ते इथेच: मीटर वडिलांच्या नावावर आणि नंबर पुण्याला असलेल्या पोराचा, नाहीतर बंद पडलेल्या जुन्या सिमचा. म्हणून आजच आपला नंबर जोडून घ्या. मेसेजमध्ये एमआरईजी ही चार इंग्रजी अक्षरं, एक जागा मोकळी, मग बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक लिहून ९९३०३९९३०३ ला पाठवा. १९१२ वर बोलतानाही हाच क्रमांक विचारतात, तेव्हा तो पेनानं मीटरच्या पेटीवर लिहून ठेवा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पिकाचं विचारायला किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पऱ्हाटीवर बोंडअळी दिसली तर वाण, लावणीची तारीख आणि आधी काय फवारलं ते हाताशी ठेवा. नुसतं 'अळी पडली' म्हटलं तर उत्तरही मोघमच येतं. शक्यतो वावरात उभं राहूनच फोन करा, पान उलटून बघून सांगता येतं.

सिलिंडरसाठी मिस्ड कॉल पुरतो: इंडेन ८४५४९५५५५५, भारत गॅस ७७१०९५५५५५, एचपी ९४९३६०२२२२. इथेही एजन्सीत नोंदवलेल्या नंबरवरूनच. स्टेट बँकेचे १८०० १२३४ आणि १८०० २१०० फुकट आहेत. एसटीची चौकशी १८०० २२ १२५०.

आता उलटा प्रकार: फोन न लावताच बॅलन्स कटतो. बहुतेक वेळा कॉलर ट्यून किंवा जोतिषाची एखादी सेवा चुकून सुरू झालेली असते. १५५२२३ हा नंबर अशा सेवा बंद करण्यासाठीच आहे आणि तो फुकट आहे. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत कळवलं तर कटलेले पैसे परत मागता येतात, म्हणून बॅलन्स कटल्याचा मेसेज पुसू नका. टीव्हीवरच्या स्पर्धांचे पाच आकडी नंबर मेसेज पॅकमध्ये बसत नाहीत, तिथे वेगळा दर लागतो. +९१ सोडून दुसऱ्या आकड्यांनी सुरू होणारा मिस्ड कॉल आला आणि परदेशात आपलं कुणी नसेल तर परत फोन करू नका, तो आंतरराष्ट्रीय दरानं लागतो.

पैसे परत मिळाले नाहीत तर मोबाइल कंपनीच्या १९८ वर तक्रार करा. माहितीच्या १२१ वर नको. तक्रारीसाठी १९८ आहे आणि तो फुकट आहे. तिथे मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, लिहून घ्या. त्यानंतरही काम झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तोच नंबर सांगावा लागतो.