श्रावणात आल्प्सच्या कुरणांवर जेवताय? या चुका टाळा

चीजचा गोळा म्हणून निर्धास्त मागवलेला पदार्थ बीफच्या सूपमध्ये तरंगत समोर आला, तर चूक आचाऱ्याची नसते. उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं, तेही श्रावणी सोमवारी. मेन्यूत 'चीज' वाचलं आणि 'सूप'कडे दुर्लक्ष केलं, एवढाच आमचा गुन्हा. आईने वाटी शांतपणे बाजूला सरकवली आणि पाव व ताकावर सोमवार साजरा केला.

ही गोष्ट झायझर आल्मची. आल्म म्हणजे डोंगरावरचं उन्हाळी कुरण. झायझर आल्म हे युरोपातलं उंचावरचं सर्वांत मोठं कुरण; विस्तार सुमारे ५६ चौरस किलोमीटर, उंची १,६८० ते २,३५० मीटर. जूनच्या सुमारास गुरं वर चढतात आणि सप्टेंबरअखेर खाली उतरतात. म्हणजे त्यांचा हंगाम आणि आपला चातुर्मास बराचसा एकाच वेळी येतो! एरवी सगळं खाणारी मराठी माणसंही याच दिवसांत मांसाहार सोडून तिथे पोहोचतात, त्यामुळे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

नाव वाचून शाकाहारी ठरवणे

हा भाग १९१९ पर्यंत ऑस्ट्रियाचा होता. म्हणून मेन्यू दोन भाषांत असतो आणि एकाच गोळ्याला जर्मनमध्ये क्नोडल, इटालियनमध्ये कानेदेर्ली म्हणतात. हे दोन वेगळे पदार्थ समजून दोन्ही मागवणारे लोक मी पाहिले आहेत. क्नोडल हा शिळ्या पावाचा संसार: पाव, दूध, अंडं, कांदा आणि त्यात पालक, चीज किंवा श्पेक. श्पेक म्हणजे धुरावलेलं, वाळवलेलं डुकराचं मांस, आणि या भागात ते आपल्याकडच्या कोथिंबिरीसारखं कुठेही भुरभुरलेलं सापडतं.

खरे सापळे गोळ्याच्या आजूबाजूला असतात. सूप बहुधा बीफचं असतं, म्हणून क्नोडल सूपमध्ये न घेता वितळलेल्या लोण्यासोबत किंवा सॅलडसोबत घ्यायचा. पण सॅलड कोबीचं असेल तर त्यावर गरम श्पेकचे तुकडे असू शकतात. जवाचं सूप ऐकायला अगदी सात्त्विक, पण पारंपरिक पद्धतीत त्यात धुरावलेलं मांस शिजवतात. नुसतं 'वेगेटारिश' म्हणजे शाकाहारी, एवढं म्हणून भागत नाही; 'ओनं श्पेक, ओनं फ्लाइश' म्हणजे श्पेक नको, मांस नको, आणि सूप कशाचं आहे, हे तोंडाने विचारा. यजमानांना त्याचा राग येत नाही.

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे श्लुत्सक्राप्फन. पातळ पारीत पालक आणि दह्याच्या चक्क्यासारखं ताजं चीज भरलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या, वरून तांबूस लोणी. अंडं चालत नसेल तर मात्र पारीबद्दल विचारा, आणि क्नोडलचा विषय सोडूनच द्या.

चीजबद्दल एक बारकावा. बहुतेक जुन्या पद्धतीची चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने घट्ट करतात, त्यामुळे कडक शाकाहारी माणूस अडतो. याला अपवाद टिरोलचं ग्राउकेझं. लोण्यासाठी साय काढून घेतली की उरलेलं दूध आंबवून हे चीज करतात. रेनेट नाही, स्निग्धांशही जवळजवळ नाही. वास मात्र तीव्र असतो. कांदा, व्हिनेगर आणि तेल घालून देतात. पहिल्या घासाला नाक मुरडाल, तिसऱ्याला शांत व्हाल.

हटला हॉटेल समजणे

हट म्हणजे कुरणावरचं, खाणं देणारं छोटं घर. तिथे दुपारी साडेतीनला बारा जणांचा ग्रुप घेऊन जायचं आणि बारा वेगवेगळे पदार्थ मागवायचे, ही आपली खास चूक. बऱ्याच ठिकाणी गरम स्वयंपाक साधारण बारा ते दोन-अडीचपर्यंतच चालतो. नंतर लाकडी फळीवर मांडलेलं थंड खाणं आणि केक. स्वयंपाकघरात दोन माणसं असतात आणि त्यातलं एक कदाचित दूध काढायलाही जातं. आधी फोन करा, दोन-तीन पदार्थांवर एकमत करा. आठवड्यातून एक दिवस हट बंद असू शकते, तेही विचारून घ्या. रोख पैसे खिशात असू द्या, कारण वर कार्डाचं यंत्र चालेलच असं नाही.

बाहेरच्या बाकावर बसून स्वतःचे ठेपले आणि चिवडा काढणं टाळा. त्या टेबलांवर त्यांच्याकडचं खाणंच अपेक्षित असतं. डबा वाटेतल्या एखाद्या कुंपणाशी, दरीकडे तोंड करून उघडा. तिथे कोणी हटकत नाही आणि ठेपलाही चविष्ट लागतो. टेबल भरलेलं असेल तर अनोळखी माणसांशेजारी बसायची तिथे रीत आहे. 'ही जागा मोकळी आहे का?' एवढं विचारलं की झालं.

भुकेपेक्षा मोठी ऑर्डर

कायझरश्मारन म्हणजे अंडी फेटून केलेला जाड पॅनकेक तव्यातच तुकडे करून, वर साखर आणि सोबत लिंगोनबेरी या आंबट लाल फळाचा जॅम. आपण त्याला गोड म्हणून जेवणानंतर मागवतो. तिथे तोच जेवण असतो! एका ताटलीत दोन माणसं सहज जेवतात. तो करायला वेळ लागतो, म्हणून घाई असेल तर मागवू नका. कधीकधी बेदाणे रममध्ये भिजवलेले असतात. नको असेल तर आधी सांगा.

क्नोडल मात्र सुरीने कापू नका. काट्याने फोडायचा, सुरी लागली तर गोळा कडक झाला असा टोमणा ठरतो. हा गोळा किती जुना आहे याची गंमत दक्षिण टिरोलमधल्याच होखएप्पान किल्ल्याच्या चॅपलमध्ये दिसते. तिथल्या साधारण १२०० सालच्या भित्तिचित्रात एक बाई गोळे खाताना रंगवली आहे, आणि तिच्याही हातात सुरी नाही.

शेवटची केबल कार विसरणे

झायझर आल्मचा रस्ता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंद असतो. झाइस गावातून केबल कार सुमारे १,८५० मीटरवरच्या कोम्पाच्च येथे नेते. परतीची शेवटची फेरी संध्याकाळी असते, आणि फलकावरची वेळ सकाळीच फोनमध्ये फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ येणं नेहमीचं. दोन वाजता ढग जमायला लागले की स्ट्रूडल (सफरचंदाचं सारण भरलेली गुंडाळी) पार्सल घ्या आणि निघा. आणि गुरांच्या कुंडातलं पाणी 'पिण्याचे नाही' अशी पाटी नसेल तरच भरा.

ताक मात्र चुकवू नका. लोणी काढून उरलेलं, बिनमिठाचं, थंडगार. जिरेपूड घालावीशी वाटेल, खुशाल घाला, मी घालते. त्यासोबत श्युटलब्रोट घ्या. हा राय नावाच्या धान्याचा कडक पाव, पातळ पीठ फळीवर हलवून हलवून पसरवतात म्हणून हे नाव, आणि महिनोन् महिने टिकतो. त्यात बडीशेप, शहाजिऱ्यासारखा मसाला आणि निळी मेथी असते. आपल्या मेथीचीच ही बहीण, त्यामुळे पहिला तुकडा मोडताच ओळखीचा वास येतो. आम्ही आणलेल्या पाकिटाचा मुंबईत पोहोचेपर्यंत चुरा झाला होता. आईने त्यावर दही, तिखट आणि कोथिंबीर घातली आणि दोन दिवसांत तो संपवला.