कॉम्प्युटर आधी हातानं ओळखायचा: नवशिक्यांसाठी आणि कमी दिसणाऱ्यांसाठीपण

नागपूरच्या महाल भागात आमचे काकाजी राहतात, काचबिंदूनं त्यांची नजर जवळपास गेली. रिटायर झाल्यावर म्हणाले मला कॉम्प्युटर शिकायचाच आहे. मी पहिल्याच दिवशी मशीन चालू करून माऊस त्यांच्या हातात दिला आणि तासाभरात आम्ही दोघंही थकलो, कारण माऊसचा बाण कुठे आहे हेच त्यांना कळत नव्हतं. पुढच्या रविवारी सगळ्या वायरी काढल्या, टेबलावर कॉम्प्युटरचा नुसता डबा ठेवला आणि म्हटलं, काकाजी, आता हात फिरवा. खरं शिकणं तिथून सुरू झालं. मला तर वाटते चांगलं दिसणाऱ्यांनीपण असंच शिकावं, कारण दिसणारा माणूस स्क्रीनकडे बघत बसतो आणि मागे कोणती वायर कुठे जाते हे त्याला वर्षानुवर्षं माहीत नसते.

स्टेप १: बसायचं कसं

भिंतीवरचं बटण बंद, प्लग काढलेला. डबा उभा ठेवा आणि त्याची पाठ शिकणाऱ्याकडे करा. जो शिकवून राहिला त्यानं समोरच्याचा हात धरून ओढायचा नाही, आपला हात त्या जागी ठेवायचा आणि त्यांना आपल्या मनगटावरून खाली बोटांपर्यंत येऊ द्यायचं. "इथे", "तिथे", "हे बघा" हे शब्द बंद. "डावीकडे, वरून तिसरं" असं बोला. पहिले जड जाते, मग सवय होते.

स्टेप २: डब्याची पाठ

या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात, दुकानातपण तसंच मागा, पण खरा सीपीयू म्हणजे आतली एक छोटी चिप, जी सगळा हिशोब करते, आणि तिच्यावर पंखा बसवलेला असतो.

पाठीवर वर किंवा खाली एका टोकाला तीन पिनांचं भोक लागेल, तिथे पॉवरची जाड वायर जाते. जवळ छोटा वरखाली होणारा स्विचही बहुतेक असतो. हा झाला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागते तशी करून देणारा भाग. त्याचा डबा कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत करंट साठून राहू शकतो.

मग बाकीच्या पोर्टांची, म्हणजे वायरी लावायच्या तोंडांची, उभी रांग. इथे घाई करू नका, आम्ही फक्त या रांगेवर पूर्ण एक दुपार घालवली. यूएसबी म्हणजे चपटं लांबट तोंड, आत एक पट्टी असते. व्हीजीए आणि एचडीएमआय मॉनिटरच्या वायरीसाठी. व्हीजीए मोठं असते, एक बाजू लांब एक आखूड, दोन्ही टोकांना स्क्रू बसायची जागा. एचडीएमआय चपटंच, पण खालचे दोन कोपरे तिरपे कापलेले. नेटच्या वायरीचं तोंड चौकोनी आणि खोल, वायर बसली की क्लिप टक् करून वाजते. गोल भोकं म्हणजे आवाजाची. तीन असतील तर बहुतेक मशीनमध्ये मधलं हेडफोनचं, दुकानदार हिरवं सांगेल पण रंग न दिसणाऱ्याला त्याचा काय उपयोग, म्हणून "मधलं" असंच लक्षात ठेवा.

एक गोष्ट जपून करा. नुसत्या अंदाजानं लावायला गेलं तर यूएसबीची पिन नेटच्या तोंडात शिरू शकते, काकाजींची शिरली होती. ढिली वाटली, टक् झालं नाही, आणि ते स्वतःच म्हणाले, "हे बरोबर नाही बसलं." म्हणून आधी एका हाताचं बोट पोर्टाच्या तोंडावर ठेवायचं, मग दुसऱ्या हातानं पिन आणायची. जोर लावायचा नाही, बसत नसेल तर उलटी करून बघायची.

खुणा करून ठेवा. आम्ही वायरींना जाड धाग्याच्या गाठी मारल्या, कीबोर्डला एक, हेडफोनला दोन, मॉनिटरला तीन. आणि पॉवर बटणाच्या बाजूला एमसीलचा मुगाएवढा ठिपका लावला, म्हणजे शेजारचं रिसेट दाबलं जात नाही. ठिपका पोर्टाच्या तोंडाजवळ मात्र नको.

स्टेप ३: कीबोर्ड

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, कीबोर्ड घ्यायला गेलो तेव्हा एका दुकानदारानं छोटा, नंबरपॅड नसलेला दिला आणि वर म्हणाला यांना काय फरक पडते. मला ते फार लागलं. फरक यांनाच पडते! न दिसणाऱ्यानं मोठाच कीबोर्ड घ्यावा, नंबरपॅडवाला, आणि वरच्या एफ१ ते एफ१२ बटणांमध्ये चार-चारचे गट पाडणारी फट असलेला, कारण बोटं त्या फटींवरूनच मोजतात.

आता दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी मधली ओळ चाचपा. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा लागेल. तेच घर, तिथून निघायचं आणि तिथेच परत यायचं. नंबरपॅडच्या ५ वरपण तसाच असतो. पुढे मराठी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरलेल्या कीबोर्डच्या मांडणीत, टाइप केलं तर जे वर र येतो, एफ वर पहिली वेलांटी, आणि स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे पाठ करायला सोपं.

स्टेप ४: आधी आवाज, मग स्क्रीन

वायरी लावा, हेडफोन लावा, मशीन चालू करा. चालू झालं की नाही हे लाईट बघून नाही, डब्याच्या मागे तळहात धरून कळते, पंख्याची हवा लागते. विंडोज सुरू झालं की कंट्रोल, विंडोज आणि एंटर तिन्ही एकत्र दाबा, नॅरेटर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारा विंडोजचा प्रोग्रॅम, बोलायला लागेल. तो आधीपासून आतच असतो.

रोजच्या कामाला आम्ही एनव्हीडीए टाकला, तोही स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला, मग जेम्स तेह सोबत आले, दोघंही स्वतः अंध. मराठीपण वाचतो, आवाज जरा यंत्रासारखा आहे पण कानाला सवय होते. इन्सर्ट धरून वरच्या ओळीतला १ दाबला की नुसती बटणांची नावं सांगतो, काम काही करत नाही, परत तेच दाबलं की बंद. काकाजींनी आठवडाभर हेच केलं आणि कीबोर्ड पाठ झाला.

थोडं दिसत असेल तर विंडोज आणि प्लस दाबून भिंग चालू होते, विंडोज आणि एस्केपनं बंद. मॉनिटर चकाकणाऱ्या काचेचा नको, ट्यूबलाईट त्यात दिसत राहते.

स्टेप ५: आतलं थोडक्यात

रॅम म्हणजे ओटा, आत्ता जे शिजून राहिलं ते त्यावर, वीज गेली की साफ. डिस्क म्हणजे फडताळ, ठेवलेलं राहते. जुनी रॅम मिळाली तर हातात द्या, फणीसारखी लागते, खालच्या कडेला एक खाच असते आणि ती मधोमध नसते, म्हणून ती एकाच बाजूनं बसते. उघड्या डब्यात हात घालायच्या आधी प्लग काढलेलाच असू द्या आणि पत्र्याला हात लावा, कोरड्या हवेत अंगात स्टॅटिक साठते. जुनी हार्डडिस्क घुरघुरते, एसएसडी म्हणजे नवीन प्रकारची डिस्क एकदम चूप असते, त्यामुळे ती चालू आहे का हे कानाला कळत नाही, पण घ्यायची तर तीच. बोलणारं सॉफ्टवेअर बटण दाबल्याबरोबर बोललं पाहिजे, अडकलं की माणूस गोंधळतो. माझं मत, पैसे आधी एसएसडीवर, मग ८ जीबी रॅमवर, महागड्या ग्राफिक्स कार्डावर अजिबात नको.

आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री होते आणि कूलर लागतो. कूलरची ओली हवा डब्यावर सरळ सोडू नका, धूळ ओली होऊन पंख्यात चिकटते. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा डबा, घ्याच, ६०० व्हीएचा चालते. लाईट गेली की तो पीं पीं करतो, ते ऐकू आलं की कंट्रोल एस दाबून काम सेव्ह करायचं आणि मशीन बंद करायचं.

आवाजच आला नाही तर या क्रमानं: पंख्याची हवा, हेडफोनची पिन, कंट्रोल ऑल्ट एन दाबून एनव्हीडीए परत सुरू. शेवटी पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून ठेवा, पण ते अगदीच काही चाललं नाही तर.

मागच्या आठवड्यात काकाजींचा फोन आला, आवाज गेला म्हणून. मी गाडी काढणार तेवढ्यात म्हणाले, "थांब, हवा लागून राहिली, म्हणजे मशीन चालू आहे. दोन गाठींची वायर खालच्या भोकात गेली होती, मधल्यात लावली. बोललं."