जुन्या सोरोबानचे अडकलेले मणी असे मोकळे केले

सोरोबान म्हणजे मणी सरकवून आकडेमोड करायची जपानी मणिचौकट. माझ्याकडची २३ दांड्यांची, आडव्या पट्टीच्या वर १ आणि खाली ५ मणी असलेली. खाली ४ मण्यांची रचना १९३० च्या दशकात शाळांतून रूढ झाली, त्यामुळे ५ मण्यांची चौकट सहसा जुन्या घडणीची.

मणी अडकतात ते भोकात साचलेल्या धुळीमुळे आणि बोटांच्या तेलकटपणामुळे. पाणी अजिबात लावू नका. दांड्या बहुधा बांबूच्या असतात, त्या फुगतात आणि मणी आणखी घट्ट बसतात. तेल लावलं तर दोन दिवस छान सरकतात, मग त्यावरच धूळ चिकटते.

आधी कोरड्या मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडलं. मग मणी एका टोकाला सारून, सुती कापडाची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी उघड्या दांडीभोवती गुंडाळून बूट पुसतात तशी ओढली. पट्टी काळी निघते, ती बदलत राहायची. नंतर एकेक मणी बोटाने गोल फिरवत वरखाली केला की भोकातला मळही सुटतो. जोर लावू नका, जुना बांबू मधेच चिरतो.

सोरोबान शोभेसाठी भिंतीवर लावणार असाल तर ऊन टाळा, चौकटीचे सांधे उकलतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच.