ठिसूळ लाकडाचं पेन करायचंय? आधी वजनकाटा काढा

बुरशीच्या काळ्या रेघा पडलेलं, अर्धवट कुजलेलं, भेगांनी भरलेलं लाकूड पेनात झक्कास दिसतं, पण लेथवर टूल टेकवलं की सगळ्यात आधी तेच उडतं. म्हणून त्याला रेझिन पाजायचं, म्हणजे आत मुरून कडक होणारं पातळ रसायन लाकडात शोषवायचं. गॉगल-मास्क सांगत बसत नाही, फक्त सुपरग्लूच्या आसपास सुती हातमोजे आणि कापूस नको, कापसावर ग्लू सांडला की तो तापतो, धूर येतो आणि चांगला चटका बसतो.

सागासारखं तेलकट किंवा शिसवीसारखं घट्ट लाकूड रेझिन फारसं पीतच नाही, त्याच्या नादी लागू नका. मऊ, सच्छिद्र लाकूड घ्या, ब्लँक (ज्यातून पेन कातायचं तो लाकडाचा तुकडा) मापापेक्षा थोडा मोठा कापा कारण वाळताना तो आकसतो नाहीतर वाकतो, आणि खड्ड्यांतली माती, सुटलेली साल टोच्याने उकरून काढा. भेगा आत्ताच सुपरग्लूने भरू नका, ग्लू लागलेल्या जागेतून रेझिन आत जात नाही.

आता वाळवणं. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं पाण्यात. ओव्हन साधारण १०४ डिग्री सेल्सियसवर, निदान २४ तास, आणि मधूनमधून वजन. वजन करा. हाताला कोरडं लागतं, कपाटात वर्षानुवर्षं पडून होतं, असलं काही चालत नाही, हवेत वाळलेल्या लाकडातही पाणी असतंच. पिनवालं मॉइश्चर मीटर ६ टक्क्यांच्या खाली धड सांगत नाही, आणि एक ग्रॅमचा घरगुती काटाही उपयोगाचा नाही, कारण तीसेक ग्रॅमच्या ब्लँकमध्ये एक टक्का पाणी म्हणजे जेमतेम ०.३ ग्रॅम. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, प्रत्येक ब्लँकवर पेन्सिलने आकडा लिहा, काही तासांच्या अंतराने सलग दोनदा तोच आकडा आला तरच बास. गेल्या खेपेला मी हे वजन करणं टाळलं, आणि रेझिन पाजून, भाजून झाल्यावर ब्लँक मधोमध कापला तर कडेला दोनेक मिलिमीटर कडक कवच आणि आत नखाने टोकरलं तरी निघेल असा भुसा. ज्या जागेत पाणी बसलंय तिथे रेझिन कुठून शिरणार?

ओव्हनमधून काढलेला ब्लँक लगेच झिपलॉक पिशवीत टाका आणि पूर्ण गार होऊ द्या. उघडा ठेवलात तर हवेतला ओलावा परत ओढतो, गरम बुडवलात तर रेझिन तिथल्या तिथे घट्ट व्हायला लागतं. गार झाल्यावर पुन्हा वजन, हो पुन्हा, आणि हा आकडा जपून ठेवा.

रेझिन उष्णतेने सेट होणारं. ब्लँक तरंगतो म्हणून जाळीने दाबून बुडवा, वर रेझिन भरपूर ठेवा कारण ते आत शोषलं जातं. भांड्याला झाकण लावून पंपाने आतली हवा ओढा, पण व्हॅक्यूम हळूहळू वाढवा, नाहीतर फेस उसळून पंपात जातो. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत पंप चालू, मग कितीही तास लागोत. अजिबातच थांबत नसतील तर एक तर झाकणातून हवा शिरतेय नाहीतर लाकूड ओलं आहे, व्हॅक्यूम चांगला असेल तर पाणी गारच उकळतं, म्हणजे वजन केलं नव्हतं. पंप बंद करून हवा आत सोडली की लगेच बाहेर काढायची घाई नको, खरं शोषण तेव्हा सुरू होतं, व्हॅक्यूमच्या दुप्पट वेळ तरी तसंच बुडवून ठेवा.

मग निथळून, फॉइलमध्ये गुंडाळून ९० डिग्रीच्या आसपास भाजा, गाभ्यापर्यंत उष्णता पोचू द्या. स्वयंपाकाचा ओव्हन नको. गार झाल्यावर वजन करा, वाळल्यावरच्या आकड्याशी ताडून बघा, फारसं वाढलं नसेल तर रेझिन आत गेलेलंच नाही.

पोकळ्या आता भरायच्या. केसाएवढ्या भेगांना पातळ सुपरग्लू, मोठ्या खड्ड्यांना सावकाश सेट होणारं इपॉक्सी, त्यात रंग नाहीतर बारीक भुसा (तोही कोरडा!), खालून टेप. पाच मिनिटांच्या इपॉक्सीत बुडबुडे अडकतात. ऍक्सिलरेटर (सुपरग्लू झटकन सेट करणारा फवारा) लांबून एकदाच मारा, जास्त झाला की ग्लू पांढरा फसफसतो.

भोक पाडताना ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झाडा, तापलं की तडा जातो. पारदर्शक भरण असेल तर भोक आतून रंगवा, नाहीतर भोकात बसवलेली पितळी नळी दिसते. टोकं सारखी करायला मिलपेक्षा (टोक तासणाऱ्या कटरपेक्षा) सँडपेपर बरा. धारदार टूल, हलका हात, बाकी सँडिंग-पॉलिश नेहमीचंच.