सनरूफ गळत नव्हतं, तुंबलं होतं

जुलैत कोथरूडहून निघालो, कर्वे रस्त्यावर ब्रेक दाबला आणि छतातून गार पाण्याची धार थेट मानेवर! गाडी १४ वर्षांची. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, रबर गेलं, अख्खं सनरूफ बदला." खर्च ऐकून गाडी घरी आणली.

खरं म्हणजे सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवत नाहीच. आत झिरपलेलं पाणी भोवतीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. माझी गाडी वर्षभर गुलमोहराखाली उभी. पुढच्या दोन्ही नळ्यांत त्याच्या बारीक पानांचा चिखल. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी, टोक गोल करून, हलकेच आत सरकवली. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका, नळी आतच निसटते. मग कपभर पाणी ओतलं. दाराच्या बिजागरीजवळून टपटप बाहेर आलं. काय आनंद झाला!

सनरूफ ज्यांवर सरकतं त्या रुळांवरचं काळं, चिकट ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. मोटरची कुरकुरही थांबली. रबर जुनंच आहे.